जुने हिशेब, नवा संगणक : ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसत नसतील तर काय करावे?

दुकानातील जुना संगणक बंद पडतो तेव्हा खरी अडचण यंत्राची नसते. यंत्र पैसे मोजून बाजारातून नवे आणता येते. अडचण असते ती त्यात अडकलेल्या हिशेबाची. दहा-पंधरा वर्षांची उधारी, मालाची नोंद, गिऱ्हाइकांची खाती, मुद्रणालयात जुळवलेल्या लग्नपत्रिका, भरतकामाच्या यंत्रासाठी तयार केलेले नमुने, हे सर्व अशा सॉफ्टवेअरमध्ये असते की जे नव्या संगणकावर चालतच नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९९० च्या दशकात आपल्या बाजारपेठांत हिशेबाचे जे प्रोग्रॅम आले, त्यांपैकी बरेचसे डॉससाठी किंवा १६-बिट विंडोजसाठी लिहिलेले होते. ३२-बिट विंडोज एक्सपीवर ते चालत राहिले. परंतु ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिट स्वरूपातच मिळते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नवा संगणक घेणे अनेकांना भाग पडले आणि जुना हिशेब मागे राहिला.

हिशेब लिहून ठेवणे ही आपल्यासाठी केवळ सरकारी सक्ती नाही. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. जकात काढताना दुकानातील माल आणि लोकांकडून येणे असलेली रक्कम पाहावी लागते. त्यासाठी खाते उघडता आले पाहिजे. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. म्हणून ‘जुने आता उघडत नाही’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

यावर एक चांगला मार्ग म्हणजे आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. पुष्कळ व्यापारी बांधव हा मार्ग धरतात, परंतु त्यातील एका पायरीवर अडतात. ती पायरी म्हणजे पाहुण्या विंडोजमध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवणे. प्रस्तुत लेखात त्याच पायरीचा विचार करू.

आभासी यंत्र म्हणजे काय?

नव्या संगणकात एक सॉफ्टवेअर बसवायचे आणि त्या सॉफ्टवेअरच्या चौकटीत दुसरा एक संपूर्ण संगणक चालवायचा, अशी ही व्यवस्था आहे. खऱ्या संगणकाला यजमान किंवा होस्ट म्हणतात. चौकटीतील संगणकाला पाहुणा किंवा गेस्ट म्हणतात. पाहुण्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. त्या पाहुण्यात विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ बसवले की जुना प्रोग्रॅम पूर्वीसारखा चालतो.

या कामासाठी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हे सॉफ्टवेअर अधिक वापरले जाते. जर्मनीतील इनोटेक कंपनीने ते २००७ मध्ये बाजारात आणले. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये सन कंपनीच विकली गेल्यावर ओरॅकलकडे गेले. ‘व्हीएमवेअर वर्कस्टेशन’ हे दुसरे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून व्यापारी वापरासाठीही विनामूल्य झाले आहे. आपण मुख्यतः व्हर्च्युअलबॉक्सचे उदाहरण घेऊ.

नवा संगणक अद्याप घ्यायचा असेल तर एक सूचना ध्यानात ठेवावी. हल्ली काही लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीऐवजी एआरएम पद्धतीच्या प्रोसेसरवर येतात. स्नॅपड्रॅगन हे त्यातील ठळक नाव. अशा लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुने एक्सपी किंवा विंडोज ७ चालणार नाही. या कामासाठी इंटेल किंवा एएमडीचाच संगणक घ्यावा.

गेस्ट ॲडिशन्स कशासाठी?

पाहुण्या विंडोजला आपण चौकटीत आहोत याची कल्पना नसते. तिला वाटते, आपण एका साध्या, ओळख नसलेल्या यंत्रावर आहोत. म्हणून पडदा ६४० × ४८० किंवा ८०० × ६०० इतकाच लहान राहतो, रंग फिके दिसतात आणि माऊस चौकटीत एकदा शिरला की बाहेर येत नाही. (तो बाहेर काढण्यासाठी की-बोर्डवरील उजवीकडील कंट्रोल कळ दाबावी.) यजमानावरील फाइल पाहुण्याला दिसत नाही आणि पाहुण्याची यजमानाला दिसत नाही.

गेस्ट ॲडिशन्स म्हणजे पाहुण्याच्या आत बसवायचे ड्रायव्हर आणि काही छोटे प्रोग्रॅम. ते बसले की पडदा मोठा होतो, माऊस मोकळा फिरतो, दोघांच्या मध्ये एक सामायिक फोल्डर ठेवता येतो, एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे उतरवता येतो आणि पाहुण्याचे घड्याळ यजमानाच्या घड्याळाशी जुळते. थोडक्यात, ही यजमान आणि पाहुणा यांच्यातील खिडकी आहे. व्हीएमवेअरमध्ये हेच काम ‘व्हीएमवेअर टूल्स’ करते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ॲडिशन्स बसल्या नाहीत म्हणजे हिशेब बुडाला, असे नाही. ॲडिशन्सशिवायही पाहुणी विंडोज चालते आणि जुना प्रोग्रॅम उघडतो. म्हणून घाबरून जाऊन पाहुण्याची डिस्क पुसणे, विंडोज पुन्हा टाकणे असले उपाय करू नयेत. नुकसान होते ते बिघाडाने नव्हे, घाईने.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिली गोष्ट, हिशेबाच्या मूळ फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवावी. ज्या डेटाची एकच प्रत आहे त्यावर कोणताही प्रयोग करू नये.

दुसरी गोष्ट, ॲडिशन्स बसवण्यापूर्वी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. म्हणजे पाहुण्याची त्या क्षणाची स्थिती जतन होते आणि काही बिनसल्यास दोन मिनिटांत मागे जाता येते. मात्र स्नॅपशॉट ही सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच हार्ड डिस्कवर असतो. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. खरी प्रत हवी असेल तर पाहुणा पूर्ण बंद करून फाइल मेनूतील ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ने त्याची एक फाइल बनवावी आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.

तिसरी गोष्ट, पाहुण्यात ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरावे. मर्यादित अधिकाराच्या खात्यातून ड्रायव्हर बसत नाहीत आणि अनेकांची अडचण इथेच असते.

पहिली अडचण : सीडीच दिसत नाही

ॲडिशन्स बसवण्याची रीत अशी. पाहुणा सुरू असताना वरच्या ‘डिव्हायसेस’ मेनूत जाऊन ‘इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज’ हा पर्याय निवडायचा. त्यामुळे पाहुण्याच्या आभासी सीडी ड्राइव्हमध्ये एक आभासी सीडी घातली जाते. ही खरी सीडी नसते, यजमानावरील एक आयएसओ फाइल असते.

पुष्कळदा यावेळी ‘सीडी घालता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. याची कारणे मुख्यतः दोन. एक, ड्राइव्हमध्ये आधीच दुसरी सीडी आहे, बहुधा विंडोज बसवताना घातलेली, आणि पाहुण्याने ती धरून ठेवली आहे. पाहुण्याच्या ‘माय कॉम्प्युटर’मध्ये जाऊन सीडी ड्राइव्हवर उजवी कळ दाबावी आणि ‘इजेक्ट’ करावे. मग पुन्हा प्रयत्न करावा. दोन, पाहुण्याला सीडी ड्राइव्हच जोडलेला नाही. अशा वेळी पाहुणा पूर्ण बंद करावा, ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोरेज’ विभागात जाऊन ऑप्टिकल ड्राइव्ह जोडावा आणि पुन्हा सुरू करावा. पाहुणा नुसता ‘सेव्ह’ करून ठेवला असेल तर ही सेटिंग बदलता येत नाही, म्हणून रीतसर शट डाऊनच करावा.

कधी कधी सीडी आत जाते, परंतु पुढे काहीच घडत नाही. याचा अर्थ आपोआप सुरू होण्याची सोय पाहुण्यात बंद आहे, एवढाच. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून सीडी ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारावी आणि ‘व्हीबॉक्सविंडोजॲडिशन्स’ नावाची फाइल चालवावी. तिच्याच जवळ शेवटी ‘एक्स ८६’ आणि ‘एएमडी ६४’ असे लिहिलेल्या दोन फाइली दिसतील. पहिली ३२-बिट विंडोजची, दुसरी ६४-बिट विंडोजची. ‘एएमडी’ या शब्दावरून गोंधळू नये. प्रोसेसर इंटेलचा असला तरी ६४-बिट पाहुण्याला तीच फाइल लागते. साधी फाइल चालवली तर ती योग्य जोडीदार आपणच निवडते.

दुसरी अडचण : पाहुणाच फार जुना आहे

व्हर्च्युअलबॉक्सच्या विंडोज ॲडिशन्स विंडोज एनटी ४ पासून पुढच्या प्रणालींसाठी आहेत. विंडोज ९५, विंडोज ९८, विंडोज मी आणि डॉस यांच्यासाठी त्या नाहीतच. ज्यांनी आपला डॉसवरील प्रोग्रॅम विंडोज ९८ च्या पाहुण्यात बसवला आहे त्यांनी ॲडिशन्स बसवण्यासाठी दिवस वाया घालवू नयेत. त्यांनी तोच प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज एक्सपीच्या पाहुण्यात चालवून पाहावा. बहुतेक जुने हिशेबाचे प्रोग्रॅम तेथे चालतात आणि एक्सपीला ॲडिशन्सही मिळतात.

एक्सपीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बसवताना ‘या ड्रायव्हरने विंडोज लोगो चाचणी पार केलेली नाही’ असा इशारा वारंवार येतो. तो वाचून अनेकजण घाबरून काम थांबवतात आणि अर्धे ड्रायव्हर बसून अर्धे राहतात. येथे ‘कंटिन्यू एनीवे’ हेच बटण दाबायचे आहे. मात्र ही सूट फक्त व्हर्च्युअलबॉक्सने दिलेल्या सीडीपुरती. कोठून तरी उतरवलेल्या अनोळखी ड्रायव्हरसाठी असे करू नये.

नव्या व्हर्च्युअलबॉक्सबरोबर आलेल्या ॲडिशन्स जुन्या एक्सपीला मानवल्या नाहीत तर आधीच्या मालिकेतील ॲडिशन्सची आयएसओ फाइल वापरून पाहता येते. जुन्या आवृत्त्या व्हर्च्युअलबॉक्सच्या अधिकृत ठिकाणी जपून ठेवलेल्या असतात. त्या तेथूनच घ्याव्यात. व्हीएमवेअर वापरणाऱ्यांसाठीही हीच गोष्ट लागू आहे. एक्सपीसारख्या, व्हिस्टापूर्वीच्या विंडोजसाठी टूल्सची १०.०.१२ ही शेवटची आवृत्ती आहे आणि तिची सीडी ‘विनप्रीव्हिस्टा’ या नावाने ओळखली जाते. नव्या टूल्स एक्सपीत बसवण्याचा हट्ट धरू नये.

तिसरी अडचण : विंडोज ७ ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नाही

विंडोज ७ च्या पाहुण्यात सर्वाधिक त्रास देणारी अडचण ही होय. ॲडिशन्स बसवताना ‘या ड्रायव्हरच्या प्रकाशकाची खात्री पटत नाही’ असा लाल पट्टीचा इशारा येतो. किंवा बसवणे पूर्ण झाल्यासारखे वाटते, परंतु पडदा लहानच राहतो आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळे चिन्ह व ‘कोड ५२’ दिसतो.

याचे कारण सहीमध्ये आहे. प्रत्येक ड्रायव्हरवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. पूर्वी ही सही ‘शा-१’ या पद्धतीने होत असे. ती पद्धत कच्ची ठरल्यावर ‘शा-२’ ही पद्धत आली. नव्या ॲडिशन्सवर नव्या पद्धतीची सही आहे, आणि जुन्या सीडीवरून बसवलेल्या विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. जसा नव्या नमुन्याचा शिक्का जुन्या कारकुनाने कधी पाहिलेलाच नसतो आणि म्हणून तो खरा कागदही परत करतो, तसाच हा प्रकार आहे.

उपाय कारकुनाला नवा शिक्का शिकवण्याचा आहे. प्रथम विंडोज ७ मध्ये सर्व्हिस पॅक १ असल्याची खात्री करावी. नंतर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेल्या दोन दुरुस्त्या क्रमाने बसवाव्यात. आधी केबी ४४९०६२८ आणि नंतर केबी ४४७४४१९. प्रत्येक वेळी पाहुणा पुन्हा सुरू करावा. या दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या ‘अपडेट कॅटलॉग’मध्ये मिळतात. पाहुणा ३२-बिट असेल तर ३२-बिटची आणि ६४-बिट असेल तर ६४-बिटची फाइल घ्यावी. त्यानंतर अर्धवट बसलेल्या ॲडिशन्स ‘कंट्रोल पॅनेल’मधून काढून नव्याने बसवाव्यात.

आता प्रश्न येतो की, सामायिक फोल्डर अद्याप नाही, मग या फाइली पाहुण्यात न्यायच्या कशा? व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘व्हीआयएसओ’ नावाची एक सोय आहे. यजमानावरील फाइली निवडून त्यांची एक आभासी सीडी बनवता येते आणि ती पाहुण्याच्या सीडी ड्राइव्हमध्ये घालता येते. पाहुण्याला ती साधी सीडीच वाटते. ज्या पाहुण्यांना ॲडिशन्स मिळतच नाहीत त्यांच्यात फाइली नेण्यासाठीही ही युक्ती कामी येते, फक्त पाहुण्याला सीडी ड्राइव्ह वाचता आला पाहिजे.

चौथी अडचण : बसवल्यानंतर पडदा काळा किंवा लहानच

ॲडिशन्स बसल्या, पाहुणा पुन्हा सुरू केला, आणि पडदा काळा झाला किंवा पूर्वीसारखाच राहिला, तर पाहुणा बंद करून ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ विभागात ‘ग्राफिक्स कंट्रोलर’ पाहावा. विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्यांसाठी ‘व्हीबॉक्सव्हीजीए’ हा पर्याय आहे. विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी ‘व्हीबॉक्सएसव्हीजीए’. ‘व्हीएमएसव्हीजीए’ हा मुख्यतः लिनक्स पाहुण्यांसाठी आहे. चुकीचा पर्याय असेल तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच खाली इशारा दाखवते, परंतु तिकडे आपले लक्ष जात नाही. एक्सपीसाठी तेथील ‘३ डी ॲक्सिलरेशन’ची खूण काढून टाकावी. हिशेबाच्या प्रोग्रॅमला त्याची गरज नसते.

तरीही काळा पडदा राहिल्यास पाहुणा सुरू होताना एफ ८ कळ दाबून ‘सेफ मोड’मध्ये जावे आणि ॲडिशन्स काढून टाकाव्यात. किंवा सरळ आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत यावे. मात्र स्नॅपशॉट घेतल्यानंतर पाहुण्यात बिले टाकली असतील तर मागे जाताच ती जातात. म्हणून ॲडिशन्स नीट बसल्याशिवाय त्यात नवी नोंद करू नये.

काम यशस्वी झाल्याची खूण काय? पाहुण्याच्या घड्याळाजवळ व्हर्च्युअलबॉक्सचे छोटे चिन्ह दिसते आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पडद्याच्या ड्रायव्हरच्या जागी व्हर्च्युअलबॉक्सचे नाव येते. काही अडलेच तर पाहुण्याच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ओरॅकलच्या फोल्डरात ‘इन्स्टॉल’ नावाची लॉग फाइल असते. कोणता ड्रायव्हर कोणत्या पायरीवर अडला हे तिच्यात लिहिलेले असते. जाणकाराकडे जाताना नुसते ‘चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा ही फाइल सोबत नेली तर त्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

पाचवी अडचण : पाहुणा अतिशय संथ चालतो

कधी ॲडिशन्स बसवायला तासभर लागतो किंवा काम मध्येच गोठते. अशा वेळी दोष ॲडिशन्सचा नसून यजमानाचा असू शकतो. पाहुण्याच्या चौकटीखालील पट्टीत हिरव्या कासवाचे चित्र दिसते का ते पाहावे. हे कासव म्हणजे विंडोज ११ ने आपली ‘हायपर-व्ही’ व्यवस्था चालू ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामागून काम करावे लागत आहे, याची खूण होय. विंडोजच्या ‘कोअर आयसोलेशन’मधील ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा सोय चालू असली तरी असे होते. ती बंद केल्याने वेग वाढू शकतो, परंतु यजमानाची सुरक्षा कमी होते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात तेथे वेगासाठी सुरक्षा सोडू नये, असे आमचे मत आहे. जुना हिशेब पाहण्यापुरते कासव चालेल.

पाहुणा सुरूच होत नसेल तर संगणकाच्या बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ हा पर्याय बंद असू शकतो. तो चालू करावा.

ज्या तक्रारी ॲडिशन्सच्या नाहीत

मुद्रणालये आणि टंकलेखनाच्या व्यवसायातील मराठी-उर्दू सॉफ्टवेअर पुष्कळदा डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या कुलपावर चालते. डोंगल पाहुण्याला दिसत नसेल तर त्याचा गेस्ट ॲडिशन्सशी संबंध नाही. पाहुण्याच्या सेटिंग्जमधील ‘यूएसबी’ विभाग पाहावा. विंडोज एक्सपीला यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसतो, म्हणून तेथे यूएसबी १.१ किंवा २.० निवडावे. त्यानंतर ‘डिव्हायसेस’ मेनूतून डोंगल पाहुण्याला जोडावे. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायचे डोंगल मात्र आभासी यंत्रात नेणे अवघड आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे यूएसबी डोंगल बदलून मागावे.

दुसरी तक्रार तारखेची. ॲडिशन्स बसल्यावर पाहुण्याची तारीख मागे नेली तरी ती पुन्हा आजच्या तारखेवर येते. हा बिघाड नव्हे. घड्याळात २० मिनिटांपेक्षा अधिक फरक दिसला की ॲडिशन्स ते एकदम जुळवतात. मागील तारखेचे बिल बनवण्यासाठी ही सोय बंद करण्याचा विचार कोणी करू नये. तसे बिल कायद्यानेही गुन्हा आहे आणि दीनच्या दृष्टीनेही धोका आहे.

पाहुणा लिनक्स असेल तर ॲडिशन्सचे ड्रायव्हर पाहुण्यातच जागेवर बनवले जातात. त्यासाठी जीसीसी, मेक आणि पर्ल ही साधने तसेच चालू कर्नलच्याच आवृत्तीचे ‘हेडर्स’ लागतात. कर्नल नुकताच बदलला असेल आणि पाहुणा पुन्हा सुरू केला नसेल तर दोन्हींचा मेळ बसत नाही. आधी पाहुणा पुन्हा सुरू करावा, मग हेडर्स आणि मग ॲडिशन्स. सामायिक फोल्डर दिसतो पण उघडत नाही, अशी स्थिती असेल तर आपले खाते ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात घालावे.

खिडकी किती उघडी ठेवावी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲडिशन्स बसल्या म्हणजे खिडकी तयार झाली. ती किती उघडायची हे आपल्या हातात आहे. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ यांना आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. असा पाहुणा इंटरनेटवर सोडला तर त्यात विषाणू शिरायला वेळ लागत नाही, आणि सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असेल तर तो विषाणू त्याच खिडकीतून नव्या संगणकावरील फाइलींपर्यंत पोचतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणू असाच मार्ग शोधतात.

म्हणून काम झाले की पाहुण्याच्या सेटिंग्जमधील ‘नेटवर्क’ विभागात जाऊन जोडणी बंद करावी. सामायिक करण्यासाठी एकच छोटा फोल्डर ठेवावा, सबंध डिस्क कधीही देऊ नये. पाहुण्याला फक्त वाचायचे असेल तर ‘रीड ओन्ली’ची खूण करावी. कॉपी केलेला मजकूर दोन्हीकडे जाण्याची सोय मुळात बंद असते. गरज नसेल तर ती बंदच राहू द्यावी. आपल्या खात्यात गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांची देणी असतात. ती लोकांची अमानत आहे.

परवान्याचा प्रश्न

व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे आणि दुकानातही विनामूल्य वापरता येते. मात्र ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाची जी वेगळी फाइल मिळते ती फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी किंवा पारखून पाहण्यासाठी मोफत आहे. व्यापारी वापरासाठी तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. पूर्वी यूएसबी २ साठी तिची गरज पडत असे. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली आहे. त्यामुळे बहुतेक दुकानांना ती फाइल लागतच नाही. दुरुस्तीवाला ‘सर्वजण टाकतात’ असे म्हणून ती टाकू लागला तर त्याला थांबवावे.

पाहुण्या विंडोजलाही परवाना लागतो. जुन्या संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्याच यंत्रापुरता असतो. वेगळा पेटीबंद विकत घेतलेला परवाना मात्र नव्या यंत्रावर नेता येतो. चोरीच्या विंडोजवर हलाल कमाईचा हिशेब ठेवणे शोभत नाही. शिवाय अशा फुकट मिळणाऱ्या सीडींमध्ये ड्रायव्हर आणि सहीच्या फाइलींची मोडतोड केलेली असू शकते. मग ॲडिशन्स का बसत नाहीत याचा शोध लागणेही कठीण जाते.

शेवटी

सर्व उपायांचा क्रम पुन्हा एकदा पाहू. आधी हिशेबाची वेगळी प्रत आणि स्नॅपशॉट. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रवेश. सीडी ड्राइव्ह मोकळा आहे का, पाहुण्याला ॲडिशन्स मिळतात का, विंडोज ७ ला नवी सही ओळखता येते का, पडद्याचा कंट्रोलर बरोबर आहे का, हे एकामागून एक तपासावे. एका वेळी एकच बदल करावा, पाहुणा पुन्हा सुरू करून पाहावे आणि काय केले ते वहीत लिहून ठेवावे. पाच बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काम झाले हेही कळत नाही आणि कोणत्याने बिघडले हेही कळत नाही.

आणि एवढे करूनही आभासी यंत्र हा कायमचा मुक्काम समजू नये. खिडकी उघडल्यावर पहिले काम म्हणजे जुन्या प्रोग्रॅममधील खाती, उधारीची यादी आणि मालाची नोंद छापील स्वरूपात किंवा साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढणे. सामायिक फोल्डरचा खरा उपयोग तोच आहे. येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसाल तेव्हा ज्याचे देणे-घेणे आहे त्याचे नाव आणि रक्कम समोर असली पाहिजे. मग ती आभासी यंत्रातून निघालेली असो, नाही तर कागदावरून.